चोवीस पावलं

जगदीश पाटणकरांना मोटारसायकल चालवायला शिकवणार, ही बातमी फुटली तेव्हा रियाधमधल्या त्या चार मजली इमारतीतली माणसं हातातली चिकटपट्टी बाजूला ठेवून हसली. खरं तर दिवस हसण्याचे नव्हते. एक्याण्णवचा जानेवारी लागला होता, इराकशी लढाईची मुदत पंधरा तारखेवर येऊन ठेपली होती. निम्म्या घरांतल्या बायकामुलांची भारतात रवानगी झाली होती. उरलेली मंडळी खिडक्यांना प्लास्टिक चिकटवत होती आणि विषारी वायू आलाच तर ओला टॉवेल दाराखाली खुपसायचा की नाकावर धरायचा, यावर हिरीरीने भांडत होती. अशा वेळी फुकटचं हसू कोण सोडतो?

आणि पाटणकर होतेच तसे. हॉस्पिटलात रक्त तपासायचं काम. दिवसभर सुई, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. पण घरी चार माणसं जमली, की गाडी थेट चिपळूणच्या घाटात. "वीस वर्षं राजदूत चालवलीय. आरसा न बघता मागचा ट्रक कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचो." रियाधला येऊन आठ वर्षं झाली, त्यात साध्या सायकलवरही कोणी त्यांना पाहिलं नव्हतं, पण बोलण्यातला वेग काही कमी झाला नव्हता.

झालं असं, की लढाईत रस्ते अडले, फोन बंद पडले, तर मोठ्या रक्तपेढीतून रक्त आणायला हॉस्पिटलने तीन मोटारसायकली घेतल्या. चालवणारे कोण, असं विचारल्यावर पाटणकरांचा हात प्रश्न संपायच्या आत वर. मग साहेबांनी कागद पुढे केला : आधी चार दिवसांचा सुरक्षा-वर्ग, मगच गाडी.

"मला? वर्ग?" पाटणकर घरी येऊन भडकले.

त्यांची बायको सुहासिनी त्याच हॉस्पिटलात सिस्टर. मास्कचे पट्टे लेकीच्या डोक्याच्या मापाने बांधता बांधता ती म्हणाली, "जा हो. पाटी-पेन्सिल मी घेऊन देते."

खालच्या मजल्यावरचे अशोक साबडे बँकेत. ते जिन्यातच आडवे आले. "पाटणकर, पहिल्या दिवशी मागून धरायला कोणी येणार आहे ना? नाहीतर मी रजा टाकतो."

"साबडे, तुम्ही लिफ्टमध्येसुद्धा कठडा धरून उभे राहता. तुम्ही गप्प बसा."

त्याच आठवड्यात चिपळूणहून कॅसेट आली होती. पाटणकरांच्या आईला, बायजाबाईंना, लिहिता येत नसे; त्या टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलत आणि कोणी सुट्टीवरून परत निघालं की त्याच्या पिशवीत कॅसेट टाकत. ती आली की चहा ठेवायचा आणि शेजाऱ्यांना बोलवायचं, हा इमारतीचा रिवाजच होता. नंतर हव्या तेवढ्या चहाड्या करता येत.

कॅसेटची सुरुवात ठरलेली. आधी समईची वात सारल्याचा आवाज, मग बायजाबाईंचा तो शाप : "ज्याच्या हातून माझा स्वानंद गेला, त्याचे हात झडोत." मग त्याच दमात, "जगू, तुझ्या हाताला यश येवो रे बाबा. सुहासिनीला पाय शेकायला सांग."

स्वानंद म्हणजे पाटणकरांचा धाकटा भाऊ. ब्याऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, घाटातल्या वळणापलीकडे एक ट्रक बिघडून उभा होता. मागे दगड नाहीत, फांदी नाही. स्वानंद राजदूतवरून वळण घेऊन आला आणि त्या ट्रकला मागून भिडला. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. बायजाबाईंचा शाप त्या ट्रकवाल्याला. पाटणकर मात्र ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगत. रस्त्यावर चाकाचा काळा ओरखडा उठला होता, तो त्यांनी स्वतः चालून मोजला होता. "चोवीस पावलं," ते सांगत. "चोवीस पावलं पोर ब्रेकवर उभं होतं. शेवटपर्यंत सोडला नाही." आणि मग डोळे पुसायच्या ऐवजी हनुवटीवरची जुनी खूण चोळत.

त्या खुणेचीही गोष्ट होतीच. विशीत ओल्या खडीवर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला होता आणि गाडीसकट तोंडावर आपटले होते. तेव्हापासून त्यांचा मंत्र : "पुढचा ब्रेक म्हणजे यमाचं बोलावणं." स्वतःच्या राजदूतची पुढच्या ब्रेकची केबल त्यांनी काढून, वेटोळं करून, दिव्याखाली खोचून टाकली होती. गावातल्या अर्ध्या पोरांना गाडी शिकवली ती याच मंत्रावर.

कॅसेटच्या शेवटी स्वानंदची बायको शालिनी बोलायची. ती आता आरोग्यसेविका होती. वाड्यावाड्यांतून बाळांना लस टोचत फिरायची. या खेपेला तिचा आवाज अगदी फुलला होता. "भाऊजी, मला लुना मिळाली! उताराची पहिल्यांदा भीती वाटली. पण तुमचं वाक्य विसरले नाही हं. पुढचा ब्रेक मेकॅनिककडून आधी सैल करून घेतला."

"बघा," पाटणकर चहाची बशी उंचावत म्हणाले होते, "आणि मला हे लोक वर्गात बसवतात!"

वर्ग शहराबाहेर, एका ठेकेदाराच्या मोकळ्या आवारात होता. शिकवणारे उस्मान साहेब, पाकिस्तानी लष्करात मोटारसायकलवरून डाक पोचवून निवृत्त झालेले. साठीचा उंच माणूस, मेंदीने रंगवलेली दाढी, बोलणं उर्दूतून आणि चहा कायम हातात. पहिल्या दिवशी गाडी उचलायची कशी, बघायचं कुठे. पाटणकर तोंड वाकडं करून सगळं करत होते. दुसऱ्या दिवशी उस्मान साहेबांनी जमिनीवर खडूची रेघ मारली. "चालीस की रफ्तार. लकीर पर आके ब्रेक. जैसे घर पे करते हो, वैसे."

पाटणकर आले. रेघेवर उजवा पाय दाबला, मागचं चाक किंचाळलं, गाडी शेपूट हलवत थांबली. उतरून ते सवयीने पावलं मोजत मागे आले. बावीस.

"अगला ब्रेक?" उस्मान साहेबांनी विचारलं.

"मैं नहीं छूता. गिराता है."

"गिराता वो है जो झपट के दबाए. अंडा पकड़ते हो ना? वैसे. पहले हल्का, फिर पूरा. पिछला साथ में."

"बीस साल का तजुर्बा है, साहब."

"बीस साल का है," उस्मान साहेब चहाचा घोट घेत म्हणाले, "या एक साल का, बीस दफा?"

वर्गातले इतर दोघे हसले. पाटणकरांचे कान तापले. सकाळभर त्यांनी झगडून पाहिलं. बोटं त्या दांड्याकडे जायलाच तयार नव्हती. हनुवटी आपोआप आत ओढली जाई. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधी, केवळ त्या दाढीवाल्याला खोटं पाडायचं म्हणून, त्यांनी दोन्ही ब्रेक धरले. अंडं धरावं तसे.

गाडी बसली. दुसरा शब्द नाही. म्हैस पाण्यात बसते तशी जागच्या जागी बसली. ना किंचाळणं, ना शेपूट.

पाटणकर उतरले आणि मोजायला लागले. अकरा.

त्यांना वाटलं, मोजण्यात चुकलो. परत जाऊन परत मोजलं. मग पुन्हा गाडी चालवली, पुन्हा मोजलं. दर खेपेला निम्मं. बावीसचे अकरा. आणि मग, कोणी काही न विचारता, डोक्यातल्या डोक्यात दुसरं गणित आपोआप सुटलं. चोवीसचे बारा.

स्वानंदच्या लग्नात राजदूत त्याला दिली ती पाटणकरांनीच. हार घालून. देताना त्याने विचारलं होतं, "दादा, ही केबल परत लावून घेऊ का?" आणि दादा म्हणाले होते, "हात लावशील तर कानफटात देईन."

त्यांनी शिरस्त्राण काढून गाडीच्या सीटवर ठेवलं आणि आवाराच्या फाटकातून चालत बाहेर पडले. उस्मान साहेबांनी शिरस्त्राण उचलून आत नेलं.

इमारतीत लगेच गवगवा झाला. पाटणकर नापास! साबड्यांनी तर जिन्यात पेढे मागितले. अकरा वर्षांची क्षमा इंडियन स्कूलची पोर, तिने दारातच विचारलं, "बाबा, यू फेल्ड?"

"हो," पाटणकर म्हणाले. इतकं सरळ उत्तर त्यांनी आयुष्यात दिलं नव्हतं. लेकीने वाट सोडली. जिन्यातले साबडे खाली निघून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी सुहासिनीला सगळं सांगितलं. ती खिडकीच्या प्लास्टिकवरचा फुगा बोटाने दाबत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही गं."

"मग ते तुमचं तुम्ही बघा. पण शालिनी आज उतारावरून खाली येत असेल. तिला काय सांगणार?"

पत्र पोचायला तीन आठवडे, तेही विमानं उडाली तर. दुसऱ्या दिवशी ते वर्गाला गेलेच नाहीत. सकाळपासून टेलिफोन ऑफिसात रांगेत उभे राहिले. पुढचा प्रत्येक माणूस तेच ओरडत होता : आम्ही बरे आहोत, हॅलो, बरे आहोत! पाटणकर मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. नुसतं 'ब्रेक घट्ट कर' एवढंच सांगितलं तर? काम भागेल. कारण सांगायची गरजच काय? दोन तास हेच घोकत ते पुढे सरकले.

आरोग्य केंद्रातला फोन शालिनीनेच उचलला.

"भाऊजी! अगं बाई! सगळे सुखरूप ना? इथे रेडिओवर काय काय सांगतात..."

"सुखरूप आहोत. ऐक. लुनाचा पुढचा ब्रेक घट्ट करून घे. आजच."

"तो? अहो, तुम्हीच तर सैल ठेवायला सांगता."

"चुकीचं सांगत होतो."

"असू दे हो. मला आता मागच्याचीच सवय झालीय. मेकॅनिक शिमग्यानंतर येणार आहे, तेव्हा बघू. तुम्ही त्या लढाईचं बघा, माझ्या लुनाचं काय घेऊन बसलात!" आणि ती हसली. कॅसेटवर हसायची तशीच.

पाटणकरांनी शेवटचं नाणं आत टाकलं.

"शालिनी, इथे मी मोजून पाहिलं. पुढचा ब्रेक असला की गाडी निम्म्यात थांबते. स्वानंदच्या गाडीला तो नव्हता. मी काढला होता. तो लावायचं म्हणत होता, मी लावू दिला नाही."

पलीकडे केंद्रात कुठलंसं बाळ टोचल्यावर रडतं तसं रडत होतं. त्याची आई त्याला गप्प करत होती. 

"किती?" शालिनीने विचारलं.

"काय किती?"

"किती पावलं आधी थांबले असते?"

"बारा."

बाळ रडायचं थांबलं. लाइन खरखरत राहिली.

"आईंना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना शिव्या घालायला तो ट्रकवाला पुरतो."

आणि फोन बंद झाला. तिने ठेवला की नाणं संपलं, हे पाटणकरांना कळलं नाही. मागचा माणूस घाई करत ओरडत होता, "यल्ला, भाई, खलास!"

चौथ्या दिवशी ते आवारात परत गेले. उस्मान साहेब चहा ओतत होते. पाटणकरांनी हँडलला हात लावला तेव्हा फक्त म्हणाले, "पहले चाय." मग बुडालेल्या दिवसाचाही धडा गिरवून घेतला आणि संध्याकाळी कागदावर सही केली.

त्यानंतर आठवडाभरात भोंगे सुरू झाले. आकाशात गडगडाट झाला, की इमारत मास्क चढवून आतल्या खोलीत बसे आणि पाटणकर रक्ताची लाल पेटी मागे बांधून निघत. साबडे आता थट्टा करत नसत, जिन्यात दिसले की नुसतं म्हणत, "जपून हो." पाटणकर प्रत्येक चौकात दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवत आणि गाडी म्हशीसारखी बसे. दर खेपेला बसे. आपण इतकं सहज थांबू शकतो, याचाच त्यांना त्रास होई. त्या दिवसांत चिपळूणचा फोन लागला नाही. पत्रं अडकली. शालिनीने ब्रेक घट्ट करून घेतला की नाही, ती रागावली की कायमची तुटली, ती त्याच उतारावरून तशीच येते आहे का, काही कळायला मार्ग नव्हता. राजदूतच्या गोष्टी बंद झाल्या. चहाला बोलावलं तरी पाटणकर येईनासे झाले. चोवीस पावलांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि एरवी कुणाचं काही न सोडणाऱ्या त्या इमारतीत कोणी विचारलंही नाही.

लढाई संपली. खिडक्यांचं प्लास्टिक निघालं. मार्चअखेरीला मुंबईहून परतलेल्या एका नर्सच्या पिशवीतून कॅसेट आली. या वेळी पाटणकरांनी कोणाला बोलावलं नाही. पण भिंती पातळ.

समईची वात सारल्याचा आवाज. "ज्याच्या हातून माझा स्वानंद गेला, त्याचे हात झडोत." सुहासिनीने टेप बंद करायला बोट पुढे केलं. पाटणकरांनी ते धरून ठेवलं. "जगू, तू लोकांना रक्त नेऊन दिलंस म्हणे. तुझ्या हाताला यश येवो रे बाबा."

मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तसेच राहू दिले.

मग बायजाबाई म्हणाल्या, "शालिनी, तुला बोलायचंय ना? ये की." शालिनी काही बोलली नाही. पावलं बाहेर गेली. अंगणात लुना सुरू झाली, लांब गेली, वळून जोरात जवळ आली, आणि एकदम, जागच्या जागी, थांबली.

"हे काय गं, नुसती गाडीच वाजवून दाखवलीस?" बायजाबाई म्हणाल्या. "बोल की काहीतरी त्याच्याशी."

टेप फिरत राहिली. पुढे नुसती सूं-सूं. बाजू संपून बटण खटकन वर आलं, तरी पाटणकर कान लावून बसले होते.