काही आलं नाय म्हणजे काम झालं

सुरगाण्याच्या डोंगरातून आम्ही दर साली द्राक्षाच्या बागांत मजुरीला नाशकाकडं यायचो. माझा माणूस गेला, मंग मी परत गेलेच नाय. पोरीला घेऊन पंचवटीत खोली धरली आन् झाडू-फरशीची कामं धरली. मी चौथी शिकलेली. पोरगी कॉम्प्युटरचं शिकली. द्वारका चौकाजवळ वेबसाइटी बनवायची एक कंपनी व्हती, तिथं मी फरशी पुसायचे. जागा निघाल्याचं मीच ऐकलं आन् घरी सांगितलं. पोरीला घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर.

पहिल्या दिवशी जिन्यातच ती म्हनली, "आये, वर मला वळख दाखवू नको."

"बरं," म्हनलं.

हापिसात मी सगळ्यांची मावशी व्हते. तिचीबी मावशी झाले.

तिथं नवीन पोरं-पोरी यायची, पेठची, सटाण्याची. त्यांना पडद्यावरच्या काळ्या खिडकीत इंग्रजी हुकूम टाईप करायला लागायचे, मंग वेबसाइटचा सांगाडा उभा राहायचा. साहेबाकडं त्याचे इंग्रजी कागद व्हते, ते वाचून कोनाला काय कळायचं नाय. कोन अडलं की साहेब सगळ्यांपुढं म्हनायचा, "डिग्री कुठून आणलीस, भाजी मार्केटातून?" एक पोरगी रडत खाली गेली ती परत आलीच नाय. अडलेली पोरं मंग गुपचूप माझ्या पोरीला विचारायची.

साहेबानं ते पाहिलं. तिला म्हनला, "हे मराठीत लिहून काढ. नवीन माणसानं कोणाला न विचारता सगळं केलं पाहिजे. केलं तर तू पर्मनंट."

रविवारी हापिस बंद, पन फरशी मला पुसावीच लागायची. किल्ली माझ्याकडं. पोरगी संगं आली, तिनं लिहिलेले कागद हातात देऊन मला मशीनपुढं बसवलं.

"कागदात हाय तसं कर. मी बोलनार नाय."

इंग्रजी अक्षरं मला तिच्या पाटीवरनं वळखीची व्हती. पन कागदावर बारकी अक्षरं आन् बटनांवर मोठी. एकेक हुडकायला लय येळ लागायचा. ओळीच्या आधी डॉलरची खूण व्हती, तीबी दाबली. मशीननं इंग्रजीत काहीतरी सुनावलं.

"आये, ती खूण दाबायची नसती."

"मंग लिहिली कशाला?"

मंग सगळ्या पानांवरनं तिनं ती खूण खोडली.

पुढचा हुकूम टाकला, तर काहीच आलं नाय. नुसती रेघ लुकलुकायची. मला वाटलं लागलंच नाय, म्हनून तेच सगळं परत टाईप केलं. तर मशीन चिडलं.

"पहिल्या बारीलाच झालं व्हतं," ती म्हनली. "सांगाडा आधीच हाय म्हनतंय."

"झालं तर सांगत का नाय?"

"त्याची रीतच तशी हाय. चुकलं तरच बोलतं."

"साहेबासारखं," म्हनलं.

ती हसली. त्या हापिसात ती तेवढीच हसली. मंग तिनं खाली लिहिलं, काहीच आलं नाही, नुसती रेघ लुकलुकली, म्हणजे काम झालं. पुन्हा करू नका.

असे चार रविवार गेले. जिथं मी अडले तिथं तिनं एक ओळ वाढवली.

तिनं कागद साहेबाला दिले, तसं त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "हे नवीन पोरांवर कशाला तपासायचं? मावशी, या इकडं. तुम्हाला जमलं तर गाढवालाही जमेल."

सगळे हसले.

"आधी हात धुवा हो. कीबोर्डला फिनेलचा वास लागेल."

मी हात धुवून आले. माझी पोरगी भिंतीला टेकून उभी व्हती.

"मावशी, डोंगरात लाइट आली का?" एक जन म्हनला.

"त्यांना आधी नागलीची भाकर टाईप करू दे," दुसरा म्हनला.

मी ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर दाबत गेले. काहीच न येनारा हुकूम आला. नुसती रेघ लुकलुकली.

"अडकल्या," कोन तरी म्हनलं.

"नाय. झालं," म्हनलं, आन् पुढची ओळ घेतली.

शेवटाला पडद्यावर पान उघडलं. कोन हसलं नाय.

"कोणी शिकवलं तुम्हाला?" साहेबानं विचारलं.

मी पोरीकडं बघितलं. ती खाली फरशीकडं बघत व्हती.

"कागदात लिहिलंय," म्हनलं.

साहेबानं कागद उचलले आन् आत गेला. बोलला काहीच नाय.

घरी पोरगी म्हनली, "आये, बरं-वाईट काहीच म्हनले नाय."

"मंग झालं. चुकलं असतं तर बोलला असता."

आठ दिवस गेले, साहेब बोलला नाय. ती म्हनली, "जाऊन विचारू का?" मी म्हनलं, "झालेलं काम पुन्हा करू नको." तिला ते मीच सांगितलं. तिनं ऐकलं, तीन महिने भरेपर्यंत.

तीन महिने भरले त्या दिवशी मी फरशी पुसत व्हते, तवा साहेबानं तिला बोलावलं. दार उघडंच व्हतं.

"आता त्या कागदांत सगळं आहे. कोणी काही विचारत नाही. मग तुला ठेवून काय करू?"

"सर, तुम्ही पर्मनंट म्हनला व्हता."

"इतके दिवस विचारायला आलीस का? मला वाटलं तुलाच नकोय."

तिनं डबा पिशवीत घातला. दारात मी बादली घेऊन उभी. पोरं बघत व्हती.

"येते मावशी," म्हनली.

"या," म्हनलं.

पोरगी मंग कापडाच्या दुकानात लागली. कॉम्प्युटरचं नाव काढत नाय. मी ते काम सोडलं नाय, तिच्या एकटीच्या पगारात आमचं दोघींचं भागत नव्हतं. त्याच कागदांची पुस्तिका छापून आली, वर साहेबाचं नाव. नवीन पोरं यायची, वाचायची, भराभरा करायची. तिचीच वाक्यं. मी जिथं जिथं अडले व्हते तिथल्या ओळीबी तशाच.

एकदा एक नवीन पोरगी मला म्हनली, "मावशी, किती सोपं लिहिलंय बघा. आमच्या कॉलेजात असं कोणी सांगितलंच नाही. सरांनीच लिहिलं का सगळं?"

पोरीनं सांगितलं व्हतं, वळख दाखवू नको.

"पाय वर घे," म्हनलं. "फरशी ओली हाय."