डिंपल आईकडे बघायची

कुंता अठ्ठावीस वर्षांची. नागभीडकडच्या एका गावात ती नवऱ्यासोबत तळ्यावर मासोळ्या धरायची, धानाच्या दिवसांत रोवण्याला जायची. नवरा धनराज हसरा माणूस. पाच वर्षांची लेक डिंपल त्याच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही.

चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या धनराजवर अस्वल धावून आलं. दीड महिना नागपूरच्या दवाखान्यात काढून तो परतला, तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू टाक्यांनी ओढलेली होती. पापणी मिटत नव्हती. हसला की ओठ एकीकडे जाऊन दात तेवढे दिसत. डिंपलला बघून तो हसला, आणि पोरगी किंचाळून आईच्या मागं लपली.

होईल सवय, असं सगळे म्हणाले. झाली नाही. तो घरात आला की डिंपल बाहेर. ती अंथरूण ओलं करू लागली. धनराज तोंडाला दुपट्टा बांधून राहायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

"अस्वलानं पुरताच खाल्ला असता मले, त बरं झालं असतं," तो एकदा म्हणाला.

मग अंगणवाडीच्या नूतनबाईंनी तिला बोलावलं. "मी घाम पुसाले हात उचलला तरी तुही पोरगी डोकं झाकते. घरी कोणी मारते का तिले?"

"नाई बाई. बापाच्या तोंडाले भेते थे."

बाईंना ते पटलं नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन अंगणात बसल्या. धनराज जाळं घेऊन आला. डिंपलनं त्याच्याकडे मान वळवलीच नाही. ती आईकडे बघत होती. कुंताच्या हातातलं सूप थांबलं, खांदे आखडले, नजर खाली गेली. त्याच क्षणी पोरगी उठून पळाली.

बाईंनी कुंताला बाजूला घेतलं. "पोरगी त्याच्याकडे पाहतच नाई. तुह्याकडे पाहते. तू भेली का थे भेते."

"मी कायले भिऊ माह्या नवऱ्याले?" कुंता भडकली. पण दवाखान्यातून आल्यापासून तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्या न मिटणाऱ्या डोळ्यात औषधसुद्धा ती अंदाजानं टाकायची.

दुसऱ्या दिवसापासून धनराज घरी आला की कुंता मोठ्यानं हसू लागली. डिंपल तिच्या आखडलेल्या खांद्यांकडे बघायची आणि जास्तच रडायची. एका दुपारी कुंतानं तिला पाठीत धपाटा घातला. "हास! बाप आहे तुहा!" पोरगी हसली. दात दाखवून, डोळे विस्फारून, अगदी आईसारखी हसली. ते बघून कुंता स्वतःचं कपाळ बडवू लागली.

धनराज घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं. "मले तुमच्याकडे पाहवत नाई."

"मालूम आहे."

"कवापासून?"

"दवाखान्यात पट्टी काढली, तवा आरसा नोयता. तुहं तोंडच पाह्यलं मी."

कुंता हमसून रडली. मग औषधाची बाटली घेऊन त्याच्यासमोर बसली आणि पहिल्यांदा एकेक वण बघत गेली. मधेच ती उठून बाहेर जाऊन आली, पुन्हा बसली. डिंपल दारात उभी होती. जवळ आली नाही, पळालीही नाही.

आता धान कापणीला आलं आहे. धनराज दुपट्टा बांधत नाही. डिंपल त्याच्याजवळ जात नाही, अंथरूण अजून ओलं करते. पण औषधाच्या वेळी ती उंबऱ्यात येऊन बसते.

परवा तिनं विचारलं, "आई, बाबाले दुखते?"

"त्यायलेच इचार," कुंता म्हणाली.

धनराज हलला नाही. वाट बघत तसाच बसून राहिला. पोरीनं बराच वेळ आईचा चेहरा न्याहाळला, मग उठून अंगणात निघून गेली.