हनुवटी धरणाऱ्या बाई

सरकारी दवाखान्यात औषधांचा साठा संपतो, किश्शांचा वाढतच जातो. मी इंदूरजवळच्या धारला आणि मग देवासला दवाखान्यात बाबू, म्हणजे कारकून होतो. हसायचे किस्से सांगून झाले. उरलेत ते राग येणारे.

*

देवासला सत्तरच्या दशकात भूल द्यायला डॉक्टर इंदूताई होत्या. भूल देण्याआधी त्या पेशंटच्या बायकोला विचारत, "हे घोरतात? मध्येच घोरणं थांबून श्वास अडकतो?"

आमचे सर्जनसाहेब म्हणत, "बाई, ऑपरेशन करायचंय की सोयरीक जुळवायचीय?"

सगळा स्टाफ हसायचा. साहेबांच्या विनोदाला हसणं नोकरीच्या अटींत असावं.

*

जवळच्या लोहारदा गावचा एक जाडजूड शेटजी अभिमानानं म्हणाला, "भिया, मेरे खर्राटे से मोहल्ला जागता है."

बाई म्हणाल्या, "याला पूर्ण भूल नको. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करू."

"घोरतो म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे," साहेब म्हणाले. पण बाई हटल्या नाहीत. शेटजी सुखरूप घरी गेला आणि साहेबांनी बाईंशी बोलणं टाकलं. तेवढे दिवस थिएटरात कामं वेळेवर झाली.

*

भूल चढली की बाई दोन्ही हातांनी पेशंटची हनुवटी उचलून धरत, जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून.

"हनुवटी सोडा बाई, लहान पोर आहे का कुरवाळायला?" इति साहेब.

*

मग माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, हर्नियाचं ऑपरेशन निघालं. वहिनींनी आधीच सांगितलं, "झोपेत यांचा श्वास अडकतो. मी कोपर मारून उठवते."

बाईंनी पुन्हा कमरेतलं इंजेक्शन सुचवलं. साहेबांनी हुकूम सोडला, "पूर्ण भूल. आणि हनुवटी सोडून सलाइन बघा."

पुढचं सिस्टरनं सांगितलं. अण्णा घोरू लागले. "छान झोपला," म्हणत साहेबांनी चाकू घेतला. जरा वेळानं घोरणं थांबलं.

"आता कसा शांत!"

"शांत नाही, श्वास बंद आहे. हात काढा."

साहेबांनी हात काढले नाहीत. बाईंनी सलाइनचं बघणं सोडून अण्णांचा जबडा पुढे खेचला, घशात नळी घातली. निळे पडलेले अण्णा परत आले.

बाहेर येऊन साहेब मला म्हणाले, "तुमचे बंधू फार घोरतात हो." जणू चूक आमच्या घराण्याची.

*

पुढे साहेबांचंच अपेंडिक्स फुटायला आलं. इंदूरला न्यायला वेळ नव्हता. नशिबानं धारचे सर्जन त्या दिवशी देवासलाच आले होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न साहेबांच्या बायकोला विचारला.

"मी वेगळ्या खोलीत झोपते, तरी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "थांबलं की उठून बघायला जाते."

साहेबांच्या पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे कमरेतलं इंजेक्शन जमेना. पूर्ण भूलच द्यायची ठरली. धारचे सर्जन घाई करू लागले, "चला बाई, आटपा."

साहेबांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"बाई, हनुवटी सोडू नका."

"बोलू नका साहेब," बाई म्हणाल्या. "श्वास घ्या."