रिकाम्या खोलीतली टिकटिक

सरांबद्दल मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

"भेऊ नका, आधी आयका," असं म्हणून ते हातातलं यंत्र सुरू करायचे. देवरीच्या कॉलेजात ते आम्हाला फिजिक्स शिकवत. टेबलावर काही नसतानाही यंत्र मधूनच टिक करायचं. मग ते गॅसबत्तीची जुनी जाळी जवळ आणत आणि मोहरी तडतडावी तसा आवाज सुटे.

"हा किरणोत्सर्ग. याच बत्तीच्या उजेडात तुमच्या आज्यानं रातभर दंडारीचा खेळ पाह्यला. मेला का तो?"

"मेला ना, सर," मागून कोणीतरी म्हणालं.

सरही हसले. "बत्तीनं नाही मेला."

एकदा त्यांनी सांगितलं की केळ्यातही हे असतं, पण इतकं कमी की यंत्रालाही कळत नाही. पोरांनी अर्धंच ऐकलं आणि गावभर केलं. बसस्टँडवरच्या केळीवाल्या बाईची टोपली संपेना. ती सरळ वर्गाच्या दारात आली.

"सर, माह्या केळीले काऊन बदनाम करून राहिले जी?"

सर ओशाळले. तिला बसवून त्यांनी सगळं समजावलं. तेव्हापासून ते रोज तिच्याकडून केळी घेत आणि तास सुरू करण्याआधी एक आमच्यासमोर खात. तिचा धंदा सावरला.

सरांकडे मात्र कोणी फिरकत नसे. भाड्याच्या खोलीत ते एकटेच राहत, आणि तिथे ते मशीन आहे म्हणून शेजारी आपली पोरं पाठवत नसत. माझ्या गावाची, चिचगडची बस चुकली म्हणून एकदा मी गेलो. यंत्र सुरूच होतं. इथे काय मोजता, असं मी विचारलं.

"काहीच नाही. पण कोणी नसलं तरी टिक येतेच. तेवढीच सोबत."

पुढे मी नागपूरला शिकायला आलो. बातमी फार उशिरा, एका मित्राकडून कळली. सर झोपेतच गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, पण आतून टिकटिक येत होती, म्हणून लोक भिऊन अंगणातच थांबले होते. सर केळी न्यायला आले नाहीत म्हणून ती बाई पाहायला आली. सगळ्यांनी तिला अडवलं.

"माह्या केळीतबी हाये ना ते," ती म्हणाली आणि आत गेली.