नॅपची चिठ्ठी

आमच्या पाळणाघरात मी स्वयंपाक करते आणि मावशी पोरं झोपवते. माझ्या हातच्या जेवणाला पोरं नाकं मुरडतात, पण मावशीनं पाठीवर चार थापट्या मारल्या की भोकाड पसरलेलं पोरही मुकाट आडवं होतं. बावीस वर्षं मी हे बघतेय आणि मनातल्या मनात जळतेय.

संध्याकाळी प्रत्येक पोराच्या पिशवीत एक छापील चिठ्ठी जाते. काय खाल्लं, किती खाल्लं, आणि तळाशी इंग्रजीत ‘नॅप’. हा शब्द आमच्या मालकीणबाईंनी आणला. नॅप म्हणजे दिवसाची हलकी झोप, असं त्यांनी समजावलं.

“म्हणजे डुलकीच की!” मी म्हटलं.

“छे गं,” मावशी म्हणाली. “डुलकी बसल्या बसल्या लागते, नको असताना. नॅपला शेजारी कुणीतरी बसावं लागतं.”

असा अर्थ कुठल्याही शब्दकोशात नसेल. पण मावशीशी वाद घालून कोण जिंकलंय?

तिची स्वतःची लेक लहानपणी शेजारणीकडे असायची. मावशी इथं लोकांची पोरं झोपवायची आणि घरी जाईपर्यंत लेक उठून, वेणी घालून दारात उभी. आता ती लेक दूरदेशी नर्स आहे. तिचा मुलगा दहा महिन्यांचा झाला, पण मावशीनं त्याला जागा असताना पाहिलेला नाही. फोटोत पाहिलाय, पण त्यानं आपल्याकडे बघावं म्हणून तिचा जीव तुटतो. ती मोकळी होते दुपारी दोनला, तेव्हा तिकडे सकाळ असते. लेक म्हणते, “आई, आत्ताच नॅपला गेला गं.” सुट्टीच्या दिवशी तर लेकीला हमखास ड्यूटी.

परवा दोनला लेकीचाच फोन आला. “आई, आज झोपलाच नाही! थांब, दाखवते. बाटली तेवढी गार होऊ दे.”

मी ओल्या हातांनीच धावले. पडद्यावर लेक खुर्चीत बसलेली, रात्रपाळीचे कपडे अजून अंगावर. बाजूच्या पाळण्यातून पोराचा आवाज येत होता, “बा, बा, बा.” बाटलीची वाट बघता बघता लेकीची मान कलली.

“अगं, हाक मार तिला! पोरगं जागं आहे!” मी कुजबुजले.

मावशीनं ओठांवर बोट ठेवलं आणि फोनजवळ स्टूल ओढून बसली. तिचा हात टेबलावर हळूहळू थापट्या मारायला लागला. पंचवीस मिनिटं ती लेकीकडे बघत राहिली. पाळण्यातला आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला.

लेक दचकून उठली. पाळण्याकडे वळून बघितलं आणि तिला रडूच फुटलं. “आई! तोही झोपला! मला उठवायचं नाही का? तुला बघायचा होता ना तो?”

मावशीनं एक कोरी चिठ्ठी घेतली आणि नॅपपुढं लिहिलं, दोन दहा ते दोन पस्तीस.

“तो सापडेल गं पुन्हा कधीतरी,” ती म्हणाली. “तू दुपारी कशी झोपतेस, ते मला आजवर शेजारीणच सांगायची.”