मोजे न काढणारा पाहुणा

मी पदवीधर झालो तो माझ्या मावशीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मुरबाडपलीकडच्या आमच्या गावातून शहापूरच्या कॉलेजला रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मावशीने मला भातसानगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. काका धरणावर नोकरीला होते. त्यांना एकच मुलगी, माझ्याहून थोडी लहान.

त्या घरात आठवड्यातून एकदा पोलीस तपासाची हिंदी मालिका लागायची. वर्षानुवर्षं चाललेली. तिच्यातला इन्स्पेक्टर कधी रजेवर जात नसे, कधी म्हातारा होत नसे, आणि जेवतानाही दिसत नसे. मावशीचा त्याच्यावर फार जीव. "त्याला घरी कोण वाढत असंल?" असं ती वाल सोलता सोलता विचारायची.

टीव्ही आणि माझं अभ्यासाचं टेबल एकाच खोलीत होतं. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मावशीने आवाज पूर्ण बंद करून टाकला. मी नको म्हटलं.

"तू वाच रे," ती म्हणाली. "खून झाल्यावर सगळी तेच तेच बोलतात. ऐकायचं काय त्यात?"

माझं कॉलेज संपेपर्यंत तिने ती मालिका मुकीच पाहिली. बोलणं कळत नसल्यामुळे ती माणसांचे हात, चपला, कपडे बघून गुन्हेगार ओळखायला शिकली, आणि बऱ्याचदा तिचा अंदाज बरोबर निघायचा. एक गोष्ट तर तिने पक्की धरली होती. रोजच्या मंडळींत जो चेहरा नवा, तोच खुनी. त्याला ती 'पावना' म्हणायची. "आला बघ पावना," म्हणाली की काका पेपरातून मान वर करत.

पुस्तकांनी दमलेल्या डोक्याला मलाही ती मालिका बरी वाटायची. जगातली प्रत्येक भानगड तासाभरात उलगडते, हा मोठाच दिलासा होता. पण हळूहळू मावशीची ती नजर टीव्हीबाहेर येऊ लागली. मीटर बघायला नवा माणूस आला, तर मावशी त्याच्या पिशवीकडे बघत राही. दूधवाल्याने मिशी काढली तेव्हा तिने दोन दिवस दूध घेतलं नाही.

माझी परीक्षा झाली त्या पावसाळ्यात, भातलावणी उरकल्यावर, मावसबहिणीला बघायला मुरबाडकडचे पाहुणे आले. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक, घरची शेती. आधीची दोन स्थळं जुळता जुळता राहिली होती, त्यामुळे मावशी सकाळपासून धास्तावलेली.

मुलगा, त्याची आई आणि मामा पावसातून आले. सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले. मुलाने मोजे मात्र काढले नाहीत. मोजे चिंब भिजलेले, फरशीवर ओले ठसे उमटत होते. काका म्हणाले, "काढा की, वाळत टाकू." तो म्हणाला, "राहू द्या, ठीक आहे," आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मावशीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "पावना हाय हा."

"पाहुणेच आहेत ना मावशी."

"तसला पावना म्हणतेय मी. मोजे का काढत नाय?"

मावसबहीण पोह्यांवर खोबरं घालत होती. "आई, गप ना गो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला बरा वाटतोय तो."

मावशीने ऐकलं नाही. गरम पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन ती बाहेर गेली. "पाय धुऊन घ्या," म्हणाली. आता नाही कसं म्हणणार? मुलाने मान खाली घालून मोजे काढले. त्याचे पाय घोट्यापर्यंत लालभडक रंगले होते. मेंदी.

"म्हंजे तुमचं लगीन ठरलंय कुठं तरी?" मावशी म्हणाली.

मामा उठायच्या बेतात होते. मग मुलाची आई म्हणाली, "अवो, चिखल्या झाल्यात त्याला. लावणीला होता ना आमच्यासोबत. मेंदी नाय लावायची तर काय?"

चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या जखमांना आमच्याकडे मेंदीचा पालाच वाटून लावतात. मावशी शेणवे गावची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्या आजोबांच्या पायांना दर लावणीत तिनेच मेंदी बांधली होती.

"बघायला जाताना असे पाय कसे दाखवायचे, म्हणून मोजे घातले," मुलगा म्हणाला. दाराआड मावसबहिणीला हसू फुटलं. तोही हसला. पण मामा "कळवतो" एवढंच म्हणाले, आणि पाहुणे गेले.

आठवडे गेले, निरोप नाही. मावशीने मालिका बघणं सोडलं. मालिकेच्या दिवशी टीव्हीवर आच्छादन घालून ती वाल सोलत बसायची. मुलीशीही नीट बोलेना. त्या मुक्या मालिकेइतकं शांत ते घर मी कधी पाहिलं नव्हतं.

दरम्यान निकाल लागला आणि मला मुरबाडच्या एका शाळेत हंगामी काम मिळालं. तिथल्या बाजारात एके दिवशी मुलाची आई भेटली. घरी आल्या आल्या मी मावशीला पत्र लिहिलं:

"मावशी, नमस्कार. इकडे मी बरा आहे, मुलं मला गुरुजी म्हणतात, अजून सवय होत नाही. आज बाजारात 'पावन्या'ची आई भेटली. मामांना तापाने धरलं होतं म्हणून निरोप राहिला. ती म्हणाली, 'तुमची मावशी जाम बारीक बघते. पोरीवर तिची तशीच नजर असंल, आमाला पसंत हाय.' येत्या रविवारी सगळे येतील. त्याचे पाय बरे झाले आहेत, पुन्हा विचारू नकोस.

माझ्या अभ्यासासाठी तू इतकी वर्षं बोलणं न ऐकता मालिका पाहिलीस. हे तुला कधी बोललो नाही. आता अभ्यास संपला. टीव्हीवरचं आच्छादन काढ, आणि आवाज मोठा ठेव."