लेझरच्या डोळ्याला लावलेलं कुंकू

सुधाकररावांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, फोरमनची खुर्ची. तेलंगणातल्या मंचेरियलच्या आमच्या कारखान्यात खाणीच्या यंत्रांचे भाग बनत. जुने फोरमन दिवाळीत निवृत्त व्हायचे होते आणि सुधाकररावांनी बायकोकडून, विमलबाईंकडून, त्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून घेतली होती. कामात उजेड नसला तरी तयारी दांडगी!

शहाण्णव साली लोखंडी पत्रा कापायचं लेझर मशीन आलं आणि नेमकं तेच त्यांच्या आडवं आलं. कापणाऱ्या तोंडाशेजारी त्याला एक सेन्सर होता, काचेमागचा बारीक डोळा. किरण पत्र्याच्या आरपार गेला की ठिणग्या खाली पडतात. नाही गेला की वितळलेलं लोखंड वर उसळतं, उजेड वाढतो. तो जादा उजेड दिसला की डोळा मशीन थांबवी आणि लाल दिवा लागे. सुधाकरराव मशीनवर असले की दिवा सारखा पेटलेला, कारण पत्रा जाड असो की पातळ, यांचा वेग एकच.

"काऊन थांबून राह्यली हे? नजर लागली हिले," ते म्हणत. आपलंच काही चुकत असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. कोहळा फुटला, मशीनला झेंडूचे हार चढले. सुधाकररावांनी तेलात कालवलेलं कुंकू घेतलं आणि थेट त्या काचेवर थापलं. "डोया हाये तिचा. पयला मान डोयाचा," म्हणाले. आम्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन थांबेचना. दिसलं तर थांबेल ना! पण साहेब खूश झाले. खुर्चीचं जवळजवळ पक्कं झालं आणि सुधाकरराव आत्तापासूनच आम्हाला अरे-तुरे करू लागले. मला त्यांचा असा राग येई!

कापलेले भाग पत्र्यातच ठेवून थप्पी लावायची आमची रीत. माल न्यायच्या दिवशी ते सोडवायचे. त्या दिवशी खाणवाल्यांसमोर क्रेननं एक चकती उचलली, तर अख्खा पत्रा वर आला. दुसरी उचलली, तीच गत. कापलेलं वरवरच, खाली सगळं जोडलेलं.

आमच्यातला नागनाथ मशीनपाशी गेला, फडक्यानं काच पुसली आणि सुधाकररावांच्याच वेगानं पत्रा लावून दाखवला. लाल दिवा लागला.

"साहेब, डोयाच बुजला होता कुंकवानं," तो म्हणाला.

सुधाकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची गेली म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण गडी पक्का! त्यांनी छाती बडवून घेतली.

"पुसलं यानं! अम्मवारूचं, देवीचं कुंकू पुसलं! होतं तवा एक डाव तरी थांबली काय मशीन? पुसलं अन् थांबली!"

साहेब मंगळवारचा उपास धरणारे. त्यांनी एकदा लाल दिव्याकडे पाहिलं, एकदा नागनाथच्या हातातल्या लाल फडक्याकडे. "किसको पूछके पोंछा रे?" त्यांनी विचारलं.

दिवाळीत सुधाकरराव फोरमन झाले. नागनाथची बदली भंगाराच्या आवारात झाली. ते न सुटलेले पत्रेही तिथंच गेले, आणि त्यातल्या चकत्या घण घालून सोडवायचं काम नव्या फोरमननं त्यालाच लावलं.